मशीनचं पाणी

कूलर स्लॅबवरून खाली आला की माझं डोकं उठतं. पाडवा झाला की गावात घरोघर हेच चालू होतं. पत्र्याचा तो भला मोठा खोका दोघातिघांनी धरून जिन्यावरून उतरवायचा, बुडातला गेल्या सालचा चिखल धुवायचा, जाळ्यांतलं काळं पडलेलं गवत उपटून नवं भरायचं, पाणी सोडायचं आणि 'आली रे आली गार हवा' म्हणत सगळ्यांनी पुढ्यात बसायचं. ओल्या गवताचा तो पहिला वास! लोकांना त्या वासानं बरं वाटतं. मलाही वाटायचं. आता तो वास आला की मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जाते.

यंदा कूलर काढायचाच नाही, पंख्यावर भागवू, असं मी ठरवलं होतं. पण पलंगावरून हे म्हणाले, "लाव ना वं कूलर. मले लय उकडून राह्यलं." ज्या माणसाला आठवड्यातून तीनदा खामगावला नेऊन चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडावं लागतं, त्याला आपल्याला वास सोसत नाही म्हणून घामात निजवायचं, एवढी काही मी दगड नाही. लावला कूलर. पण त्यात पाणी भरलं ते बोअरचं. बादलीनं, स्वतः. घरात गोड्या पाण्याचे तीन जार भरलेले होते, त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. का, ते सांगते.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. खामगाव मागे टाकून पूर्णेच्या बाजूला लागलं की जमीन काळीभोर, सपाट, नजर जाईल तिथवर. कापूस येतो, तूर येते, हरभरा येतो. वरून बघणाऱ्याला वाटावं, काय भाग्याचा मुलूख! पण खालचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि पातेल्याला आतून पांढरा थर चढतो तो चिंचेनं घासला तरी हटत नाही. मी घाटावरची, बुलढाण्याकडची. लग्नात माझी माय म्हणाली होती, "घाटाखाली चालली बाई, ऊन सांभाळजो." उन्हाचं सगळ्यांनी सांगितलं. पाण्याचं कोणी काही बोललं नाही. पहिले आठ दिवस मी नाक मुरडलं, नंतर जीभ रुळली. इथं आलेली प्रत्येक सून आठ दिवस नाक मुरडते आणि मग गप होते.

एसटी थांब्याला लागून माझं ऑनलाइनचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, कॉलेजचे फॉर्म, झेरॉक्स. बारावीचा निकाल लागला की दुकानासमोर चपलांचा ढीग पडतो. त्या सीझनला आम्ही 'दाखल्यांचा सीझन' म्हणतो. आणि तो नेमका मे-जूनच्या भट्टीत येतो. वरून लाइट जाणार. लाइट गेली की बाकीच्या दोन दुकानांची मोठाली मशिनं मान टाकायची आणि गिऱ्हाईक हताश होऊन घरी जायचं.

यावर औषध म्हणून मी तो डबा आणला होता. डबाच म्हणतो आम्ही त्याला. शेतावर न्यायच्या भाकरीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. खामगावात शकीलभाई म्हणून साठीचे गृहस्थ आहेत, डोळ्याला भिंग लावून जुन्या मशिनी दुरुस्त करतात, त्यांच्याकडून जुनाच घेतला. त्यांनी तो तळहातावर ठेवून दाखवला.

"ताई, याच्यातला प्रोसेसर गरिबाचा हाय. लहान डब्यासाठीच काढला होता कंपनीनं, आता तर बनवत बी नाही. वेगाच्या नावानं बोंब. पन करंट किती खाते? आपल्या जुन्या पिवळ्या बल्बापेक्षा कमी. इन्व्हर्टरवर टाका, लाइन गेली तरी दिवसभर वढते."

"अन् पंखा कुठं हाय याचा?"

"पंखाच नाही! जरूरतच नाही. लय गरम झाला का सोताच आपला वेग कमी करून घेते. बोंबलत नाही, बंद पडत नाही. हळू होते अन् चालत राह्यते."

"आमच्या ह्यांच्यासारखाच म्हना की," मी म्हटलं.

हे शेजारीच उभे होते. हसले. ह्यांना हसायला फार काही लागत नाही. गावात ह्यांना भास्करभाऊ म्हणतात, आणि भास्करभाऊचा आवाज चढलेला ऐकला असं सांगणारा माणूस अजून मला भेटायचा आहे. चार एकर शेती आणि सदा पुढे चालणारी ही एक बायको, दोन्ही त्यांनी न कुरकुरता निभावलं. शकीलभाईंच्या टेबलाशी आम्ही तिघं हसलो तो दिवस आठवला की आता मला माझ्या जिभेची भीती वाटते.

मी तुम्हाला त्या प्रोसेसरचं कौतुक सांगू का? आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा खरंच जीव जडला होता. लाइट गेली, पंखे थांबले, थांब्यावरची रसवंतीसुद्धा बंद पडली, तरी माझ्या दुकानात पडदा उजळलेला. लोक दुरून विचारत यायचे, "ताईचं चालू हाय का?" चालूच! वेग कमी, हे खरं. एक पान उघडायला घ्यायचा तर तेवढ्यात मी एकाचे आधार कार्ड तपासून दुसऱ्याच्या फोटोला कात्री मारायचे. पण भरवशाचा. आपल्या कुवतीत राहून काम करणारा. मला अशीच माणसं आवडतात, म्हणून मशीनही आवडलं.

तीन वर्षांमागचा मे मात्र वेगळाच होता. सकाळी आठलाच भिंती तापायच्या. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, थांब्याच्या पत्र्याखाली बसलेली माणसं डोक्याला ओला शेला बांधून गप बसलेली असायची, आणि वाऱ्यानं उडालेली धूळ पुन्हा खाली बसायला तयार नसायची. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बोलायलाही ताकद लागते. माझ्या दुकानावर पत्रे, त्यामुळे आत भाजून निघायचो. आणि डबा हळू झाला. पडद्यावर ते गोल चाक फिरायचं ते फिरायचंच. "ताई, तुमचं मशीन काऊन बैलगाडी झालं?" पोरं म्हणायची. दाखला वेळेत निघाला नाही तर प्रवेश हुकायचा. त्यांच्या हसण्यातही धाकधूक असायची.

शकीलभाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी करून दिली होती. तिच्यात दोन आकडे दिसायचे, प्रोसेसरचा ताप किती आणि वेग किती. माझी नजर तिथं चिकटली. ऐंशी झाले. पंच्याऐंशी. नव्वदला टेकला की वेग अर्ध्यावर यायचा. डोळ्यांत तेल घालून मी ते आकडे बघत होते. लेकराचा ताप बघावा तसा बघत होते म्हणा ना. जेवताना ह्यांना सांगायची, "आज ब्याण्णव झाला होता हो." हे म्हणायचे, "बापा! मंग?"

ह्यांचं जेवण तेव्हा निम्म्यावर आलं होतं. "तोंडाले चवच नाही," म्हणायचे. मी म्हणायची, "उन्हाळ्यात कोणाला असते?"

मग मी कूलर दुकानात नेला. घरचा. आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे न करता सरळ टेबलावरच्या डब्याकडे केलं. अंगावर गार झोत बसल्यावर तो आकडा असा झरझर उतरला की मी टाळी वाजवायची तेवढी राहिले. सत्तर. पासष्ट. वेग परत आला. रांगेतले लोक घामानं निथळत होते आणि म्हणत होते, "वा रे वा! मानसाले वाफ अन् डब्याले गारवा!" सगळे हसत होते. कामं पटापट होऊ लागली तशी कुरकुर थांबली. तीन आठवडे मी राणीसारखी मिरवले.

त्या तीन आठवड्यांत हे बांधावर बसू लागले होते. आधी कधी बसायचे नाहीत. एक सरी झाली की बसायचे, उठायचे, परत बसायचे. शेजारच्या वावरातल्या माणसानं मला सांगितलंही, "वहिनी, भाऊ आजकाल लय हळू झाले." मी काय म्हणाले असेन? "अहो, पन्नाशी आली, आता काय धावतील?"

आणि एक दिवस डबा आपोआप बंद झाला. चालू केला, पुन्हा बंद. की-बोर्ड लागेना, एक बाजू मेल्यासारखीच झाली. मी सगळी कामं टाकून पहिल्या गाडीनं खामगाव गाठलं. शकीलभाईंनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि वाकून आत बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. आत, हिरव्या पाटीवर, मिठाची बारीक पूड भुरभुरल्यासारखी पसरली होती. कुठं पांढरी, कुठं हिरवट. तारांच्या टोकांना फुगून चिकटलेली.

"ताई, कूलरमंधी पानी कोनतं टाकता?"

"बोअरचं. दुसरं कोनतं असते आमच्याकडे?"

"तेच म्हनतो मी. प्रोसेसरले काही नाही झालं, थो मजबूत हाय. पन आजूबाजूचं सगळं खाल्लं या पान्यानं. हवेतून जाऊन बसलं. हळूहळू खाते, दिसत नाही." ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ते साफ करू लागले. मग वर न बघताच म्हणाले, "पीता बी हेच का तुम्ही?"

"सवय हाय आम्हाले," मी म्हटलं.

ते ब्रश फिरवत राहिले. तिथंच मला सुचायला पाहिजे होतं. माझं सगळं ध्यान डब्यात. तो बरा होणार की नाही, उद्या सकाळी दुकानासमोर चपला पडतील त्यांना काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात चालू होतं.

डबा बरा झाला. आणि मी शहाणपण केलं. रस्त्यावर फिल्टरचं पाणी विकणारा आहे, त्याच्याकडचे गोड्या पाण्याचे जार कूलरसाठी लावले. हो, कूलरसाठी. तो राक्षस दिवसाला चार जार प्यायचा. हे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी जार बांधून भर उन्हात दोन खेपा करायचे. गावात लग्नाला, पाहुण्याला जार आणायची रीत होती. घरच्या माणसानं जारचं पाणी प्यायचं, हे कोणाच्या मनातच यायचं नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच पितो, आम्हाला काय होतंय? शिवाय हेच म्हणायचे, "गोडं पानी फिकं लागते मले." म्हणजे बघा, मशीनला खारं पाणी चालत नाही हे मला कळलं, त्यावर मी उपाय केला, आणि तेच पाणी दुकानातल्या माठात भरून ठेवलं, माणसांसाठी. एका खोलीत, चार हातांच्या अंतरावर. शिकलेली बाई मी. लोकांचे फॉर्म भरते.

जूनमध्ये आमची मयुरी सुट्टीवर आली. ती नर्सिंगला होती बुलढाण्याला. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाबांचा चेहरा का सुजला?" मी म्हटलं, "झोपून उठले आत्ता." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसली, बाबांचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघं त्या खड्ड्याकडे बघत होतो. कितीतरी वेळ तो भरेना. "कधीपासून हाय हे बाबा?" तिनं विचारलं, तर हे म्हणतात, "चप्पल घट्ट होऊन राह्यली होती थोडीशी. मले वाटलं, नवी हाय म्हनून."

दुसऱ्या दिवशी खामगावला रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पाण्यामुळेच झालं असं ठामपणे ते म्हणत नाहीत. पाणी असेल, ऊन असेल, अंग दुखतं म्हणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या असतील, सगळं मिळून असेल. आमच्या पट्ट्यात असे पेशंट खूप येतात, एवढं म्हणाले. मी विचारलं, "एवढं झालं तर आधी कळलं कसं नाही?" ते म्हणाले, "किडनीचं असंच असतं. शरीर सांभाळून घेतं. काम कमी कमी करत चालू राहतं. माणूस फक्त हळू होतो. घरच्यांना वाटतं, वय झालं." मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. कोपऱ्यातली ती खिडकी, ते दोन आकडे, आणि मी त्यांच्यावर लावलेली नजर. पूर्ण उन्हाळाभर मी ताप बघत होते. चुकीच्याचा बघत होते.

आता इथपर्यंत आलेच आहे तर ते राहिलेलंही सांगून टाकते. मयुरीला सांगितलेलं नाही.

त्याच मेच्या अखेरची दुपार. एक वाजला असेल. दुकानात दहा-बारा माणसं. हे जारची दुसरी खेप घेऊन आले, जार कूलरपाशी ठेवला आणि तिथंच खाली बसले. शर्ट पाठीला चिकटलेला. जरा दम खाल्ला, मग खुंटीवरचा स्टीलचा गिलास घेतला आणि जार वाकवला. मी पडद्यावरून नजरही न हलवता म्हणाले, "अहो, थे मशीनचं हाय. पुरत नाही. तुमचं तिकडं माठात हाय ना." रांगेतला कोणीतरी म्हणाला, "भाऊ, आता तुमच्यापेक्षा डब्याचा मान जास्त!" सगळे हसले. मी हसले. हेही हसले. जार सरळ केला, झाकण लावलं, माठाकडे गेले आणि एकावर एक तीन गिलास प्याले. घटाघट. तो आवाज मला ऐकू आला होता आणि तेव्हा मला त्यात काहीच ऐकू आलं नाही.

मागच्या वर्षी धीर करून विचारलं, "तुम्हाले आठवते का हो, मी तुम्हाले जारचं पानी पिऊ दिलं नव्हतं?" म्हणाले, "कधी?" खरंच विसरले, की मला वाचवतात, देव जाणे. मला त्यांचा राग येतो. भांडले असते, चार माणसांत खेकसले असते, गिलास आपटला असता, तर मी मान वर केली असती. पण हळू होऊन चालत राहण्याची खोडच या माणसाला. डबा मी मागेच फेकणार होते, तर तेही करू देत नाहीत. "चालून राह्यला ना, मंग काऊन फेकतं?" चालतो आहे अजून. मी त्याच्यावर दाखले काढते, आणि त्या कोपऱ्यातल्या खिडकीवर कागद चिकटवला आहे.

यंदाचा उन्हाळा लवकर आलाय. लिंबाची पानंसुद्धा हलत नाहीत. दर आठ दिवसांनी कुणाचा ना कुणाचा पाय सुजल्याची बातमी येते, आणि बाया आता माझ्याकडे फॉर्म भरायला आल्या की फॉर्म बाजूला ठेवून रिपोर्ट पुढे करतात. "ताई, हा आकडा चांगला हाय का वो?" मी डॉक्टर नाही. पण आकडा बघितला की मला कळतं, आणि मी खोटं बोलते. "डॉक्टरला दाखवा," म्हणते, "घाबरू नका." मयुरी फोनवर सारखी म्हणते, आई, तू तुझं रक्त तपासून घे. घेईन म्हणते. पाय मात्र रोज सकाळी दाबून बघते, कोणी जवळ नसताना.

घरात आता गोडं पाणी आहे. पाहिजे तेवढं. आणि ह्यांना ते चालत नाही. लघवी जवळजवळ बंदच झाल्यावर प्यालेलं सगळं अंगातच राहतं, छातीत चढतं, म्हणून दिवसाला चार गिलास, त्यातच चहा, त्यातच डाळीचं पाणी, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट. ही मोजदाद माझ्याकडे. त्या एका दुपारशिवाय आयुष्यभर ज्याला कोणी पाण्याला नाही म्हटलं नाही, असा माणूस या उन्हात माझ्या तोंडाकडे बघतो. आणि गंमत बघा, गोडं पाणी आता त्यांना फिकं लागत नाही. "लय चांगलं लागते वं," म्हणतात. ओठांवर जीभ फिरवतात. मी बर्फाचा खडा देते, लिंबाची फोड देते, बोलण्यात गुंतवते. रडते तेव्हा मोरीत जाऊन रडते.

आज खामगावची पाळी नव्हती. ती उद्या. सकाळपासून ऊन असं काही चढलं की भिंतीला हात लावावेना. चहा झाला, गोळ्या झाल्या, मग एक गिलास मागितला, दिला. थोड्या वेळानं अजून एक मागितला. देऊ नये हे मला कळत होतं, तरी दिला. गिलास मीच त्यांच्या ओठांशी धरला. पिऊन झाल्यावर त्यांनी डोळे मिटले, जरा शांत पडले. मला वाटलं झोपले.

"आता किती राह्यलं माह्या वाटचं?"

"अर्धा गिलास."

"बरं." मान हलवली. "जेवनाले नको देऊ मंग. रात्रीच्या गोळीले ठेवजो."

आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.